आक्कांची पाळत

"हुब्यानं दिसत न्हाई, साहेब. बसा."

आक्कांनी हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मी नव्या गणवेशाच्या ताठ्यात उभाच राहिलो, म्हणून लगेच दुसऱ्यांदा ऐकवलं. शेवगावच्या पूर्वेला, जिथं माळ आणि कोरडे ओढे यांखेरीज फारसं काही नाही, तिथं मी वनरक्षक म्हणून रुजू झालो होतो. आक्का आमच्याकडे रोजंदारीवर वनमजूर होत्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं. मातीत एखादी खूण दिसली की त्या उकिडव्या बसायच्या, पदर पुढे ओढून ऊन अडवायच्या आणि खुणेशेजारी आपला पंजा ठेवायच्या. "पाच बोटं. नखं पार म्होरं उमटल्यात. कुत्र्याला चारच. ही आपली पाव्हणी हाय."

पाव्हणी म्हणजे चांदी अस्वल. नावात अस्वल आहे म्हणून घाबरू नका. मध्यम कुत्र्याएवढा, खालून काळा, पाठीवर करडी-पांढरी झूल पांघरलेला, बिळात राहणारा प्राणी. आपल्याकडे फार थोडे उरलेत, आणि जे आहेत ते सहसा कुणाला दिसत नाहीत. आमच्या हद्दीत ओढ्याकाठी एक मादी होती. तिच्या खुणा नोंदवायच्या, बिळाला धक्का लागू द्यायचा नाही, हे माझं काम. कागदोपत्री माझं. खरं काम आक्का करायच्या, मी लिहून घ्यायचो.

त्यांची पद्धत त्यांचीच होती. दिवस मावळायच्या आत बिळापासून थोडं अंतर राखून त्या माती चाळून पसरायच्या, हातानं सारखी करायच्या, आणि सकाळी येऊन ती वाचायच्या. चाळण घरातली, पिठाची. सासूबाईंनी ती पुन्हा चुलीजवळ येऊ दिली नाही, वर आठवडाभर सुनेशी अबोला धरला. "लई निवांत गेला तो आठवडा," आक्का म्हणायच्या.

एकदा नगरहून मोठे साहेब पाहणीला आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट. आक्कांनी त्यांनाही सोडलं नाही. "बसा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. साहेब बसले. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला. गाडीत शिरताना त्यांनी विचारलं, "या बाईंना हे कुणी शिकवलं?" मला सांगता आलं नाही. असते एखाद्याला आवड, एवढंच मला वाटायचं.

त्याचं उत्तर मला गेल्या उन्हाळ्यात मिळालं.

गावातले एक म्हातारे गोसावी बाबा वारले. त्यांच्यात दहन नाही, समाधी देतात. तिसऱ्या दिवशी सकाळी समाधीची माती उकरलेली दिसली. चांदी अस्वलाबद्दल गावाला एकच गोष्ट पाठ, ती म्हणजे ते मढी उकरतं. बाबांचा मुलगा एरवी समंजस माणूस, पण त्या दिवशी दुःखानं आणि संतापानं त्याला काही सुचत नव्हतं. भावकीनं वाळलेल्या मिरच्या आणि कडबा जमवला. बिळात धूर कोंडून मादीला आतच मारायचं ठरलं. आत पिल्लूही होतं. आठवड्यापूर्वीच आक्कांनी मोठ्या ठशामागचा छोटा ठसा मला दाखवला होता.

आक्का आधी समाधीकडे धावल्या. पण गाव त्यांच्या आधी पोचलं होतं. इतके पाय त्या मातीवरून फिरले होते, की चार बोटं होती की पाच, हे सांगणारं काही उरलंच नव्हतं. आक्का खाली बसल्या, बराच वेळ बसल्या, आणि कुठंच पंजा न ठेवता उठल्या. त्यांचा पडलेला चेहरा मी तेवढा एकदाच पाहिला.

सरपंचांनी देवळासमोर ग्रामसभा बोलावली. मी उठून कायदा सांगितला. "कायदा तुमचा हाय, बाप माझा हुता," मुलगा म्हणाला. मी खाली बसलो.

मग बायकांच्या बाजूनं आक्का उठल्या. आवाज नेहमीचाच.

"जुन्या मान्सास्नी आठवत आसंल, माझं लेकरू गेलं तवा दीड म्हयन्याचं हुतं. ओढ्याकाठी पुरलंय, त्या बिळापास्नं वीस पावलांवर. तवा आमी काष्टीकडं ऊस तोडाया चाललो हुतो, टेम्पो दारात हुबा हुता. वर काट्या टाकल्या, दगड ठिवले आन् गेले. सा म्हयनं फडात कोयता चालवला, पन ध्यान समदं इकडं. उकरलं आसंल, वढून न्हेलं आसंल. माघारी आले ते कुऱ्हाड घिऊनच बिळापाशी बसले. तिला मारायलाच बसले हुते."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"एक दगूड हालला न्हवता. माग हुते, पन काट्यांच्या कडंकडंनं गेलेले. तरी माझा इस्वास बसंना. रोज बघाया लागले. कवातरी चुकंल, मंग घाव घालीन म्हनलं. चौदा वर्सं झाली. ती न्हाई चुकली, न्हाई तिच्या आदीची." आक्का बाबांच्या मुलाकडे वळल्या. "तुझ्या बापाची माती कोनी उकरली ते मला सांगता येत न्हाई, भाऊ. माग ऱ्हायला न्हाई. पन जिच्या शेजारी माझं लेकरू झोपलंय, तिला धूर घालू नगंस."

मग मुलगा उठला आणि त्यानं मिरच्यांचं पोतं घरी पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो आणि आक्का मिळून समाधीवर दगड रचत होते. पुढे चार दिवसांनी तिथं घुटमळणारी भटकी कुत्री त्यानंच हाकलली, आणि ते सांगायला तो आधी आक्कांच्या दारी गेला.

नोकरीत मी पुष्कळ प्रशिक्षणं घेतली, प्रमाणपत्रंही आहेत. पण मी काम कुणाकडे शिकलो असं कुणी विचारलं, तर मी छाती पुढे काढून आक्कांचं नाव सांगतो.

यंदा पौषात शेजारच्या तालुक्यात असंच एक बीळ सापडलं. तिथल्या मजुरांना शिकवायला विभागानं आक्कांना बोलावून घेतलं. त्यांच्या नावाचं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. एकदा त्यांच्यासाठी, एकदा माझ्यासाठी. आता इथली माती मी एकटाच चाळतो, आणि ती त्यांच्याइतकी सारखी होत नाही.

मागच्या आठवड्यात विभागानं ओढ्याकाठी लावलेल्या कॅमेऱ्यात पहाटेचा एक व्हिडिओ आला. आक्का लेकराच्या जागेवर दरसाल नव्यानं टाकतात त्या काट्यांच्या कडेनं मादी चालली आहे, मागे आता बऱ्यापैकी वाढलेलं पिल्लू. पिल्लू दगडांपाशी थांबतं, हुंगतं, एक पाय टाकून बघतं. मादी माघारी येते, मुस्काटानं त्याला बाजूला ढकलते, आणि दोघं पुढे जातात.

मी तो आक्कांना मोबाईलवर पाठवला. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला.

"बघितलंत न्हवं, साहेब?" त्या म्हणाल्या. "लेकराला शिकवतीय ती."