चुलीवरची झळ

विज्ञान शिकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला वाटायचं. येरमाळ्याजवळच्या आमच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर मी एकटाच, त्यामुळं हात धरायला कोणी नव्हतंही.

गेल्या वर्षी वर्गात अवकाश दुर्बिणीचा विषय निघाला. ती एवढ्या उंचावर का नेतात, असं एका मुलीनं विचारलं. मी ठोकून दिलं, ताऱ्यांच्या जवळ जावं म्हणून. येडाईच्या डोंगरावर चढलं की लांबचं दिसतं, तसं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी हजेरी विचारायला दाराशी थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तारे लई लांब. तेवढं जवळ जाऊन काय व्हतंय? माझ्या चुलीवरच्या झळंतून बगितलं की पलीकडचा हापसा बी नाचतो. मधली हवाच हलती. ती न्हाय तिथं नेत असतील दुर्बीण."

मला झोंबलं. "मावशी, तुम्ही खिचडीकडं बघा, करपेल," मी म्हणालो. वर्ग खो खो हसला. मावशी पदर सावरत निघून गेल्या.

घरी जाऊन मोबाइलवर वाचलं. त्यांचंच खरं होतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या दुर्बिणीचा आरसा दुरून आलेला मंद प्रकाश गोळा करतो, कॅमेरा तो टिपतो आणि चित्र रेडिओ संदेशांनी खाली येतं. दुर्बीण जमिनीवर असली तर हलती हवा तो प्रकाश थरथरवते, प्रकाशाचे काही प्रकार तर खाली पोचूच देत नाही. ताऱ्यांच्या अंतरापुढं दुर्बिणीची उंची म्हणजे काहीच नाही.

वर्गात चूक कबूल करायला हवी होती. मी काय केलं? पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब आले, तेव्हा मुलांना चुलीपाशी नेलं, झळेतून हापसा दाखवला आणि सगळं समजावून सांगितलं. साहेब खूश झाले. "हे उदाहरण सुचलं कसं तुम्हाला?" मावशी तिथंच जाळ सारत होत्या. "सुचलं आपलं," मी म्हणालो. प्रत्येक मुलाला खरं ठाऊक होतं. हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

साहेब गेल्यावर माफी मागायची म्हणून मावशींसमोर जाऊन उभा राहिलो. आणि खिचडी झाली का, एवढंच विचारलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "बरं केलं सर, तुमी सांगितलं ते. म्या सांगितलं की पोरं हसत्यात."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी मान डोलावली आणि वर्गावर निघून गेलो.