काकूकडे उघडतं

खाली राहणाऱ्या धाकट्या जावेचं इंटरनेट माझ्यापेक्षा जोरात पळायचं आणि ते माझ्या डोळ्यांत खुपायचं. म्हणून मी कंपनी बदलली. नव्या राऊटरला हळदकुंकू लावलं, फ्रिजवर क्रोशाचा रुमाल अंथरून त्यावर बसवलं. सगळं छान चालायला लागलं, फक्त माझी स्वतःचीच वेबसाइट उघडेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

पुडाच्या वड्या, गोळाभात, सांडगे अशा माझ्या सगळ्या पाककृती त्या साइटवर आहेत. बंगळुरूच्या माझ्या मुलाने ती बनवून दिली. एरवी त्याचा फोन रविवारी, तोही घाईत. साइट बंद पडल्यापासून मात्र तो रोज संध्याकाळी करायला लागला.

"आई, राऊटर एक बार बंद करके चालू कर." मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो. बंद करून चालू केलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं. काही नाही.

"रुक, काकू के यहां खुलता है क्या देखता हूं."

काकूकडे उघडलं. लगेच. मग अर्धा तास दोघांच्या गप्पा, आणि तिचं हसणं जिन्यातून वर येत होतं. पोरगा माझा, वड्या माझ्या, आणि हसतेय ही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज हेच. आधी मला पाच मिनिटं, मग तपासायला म्हणून काकू.

शेवटी त्याला कारण सापडलं. माझी नवी लाइन साइटच्या जुन्या, बंद झालेल्या पत्त्यावरच जात होती. मी फोन स्पीकरवर ठेवला, त्याने आकडे सांगितले, मी राऊटरच्या सेटिंगमध्ये टाकले. पडद्यावर वड्यांचा फोटो आला.

"खुला क्या?"

आता परत रविवारच, हे माझ्या डोक्यात आलं.

"नाही रे," मी म्हटलं.

मागे कोणीतरी खाकरलं. वाटीत चिवडा घेऊन जाऊ उभी होती, नजर थेट वड्यांवर. आता ही सांगणार, आणि वर महिनाभर हसणार.

"काकू है क्या वहां? काकू, सच में नहीं खुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. वाटी टेबलावर ठेवली.

"नाही रे बाबू, गोल गोलच फिरून राहिलं. उद्या कर फोन. आन् आईलेच करजो, मले टाइम नाही."