मोडनिंबचा लोडर आणि गुरप्पा मिस्त्री

गुरप्पा मिस्त्रीचं इंजिनाशी कधीच भांडण नव्हतं. त्याचं भांडण होतं ते इंजिनाभोवती उभं राहून ‘काय न्हाय केलं’ म्हणणाऱ्या माणसांशी. सोलापुरात अक्कलकोट नाक्याजवळ त्याची पत्र्याची शेड होती. तिथं बंद पडलेलं डिझेल इंजिन आलं, की त्याच्या मागोमाग चार शहाणेही यायचे. एकानं नोझल खोललेलं असायचं, दुसऱ्यानं पंपाला हातोडी दाखवलेली असायची, तिसऱ्यानं टाकीत रॉकेल ओतून पाहिलेलं असायचं. आणि विचारावं तर सगळे धुतल्या तांदळासारखे. “दुखणं एकच असतंय रे,” गुरप्पा कपाळावर हात मारून म्हणायचा, “तुमची औषधं उतरवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं!” त्याची बायको पार्वतम्मा म्हणे, ह्या माणसाला देवानं चुकून मिस्त्री केलं, फौजदारच करायचा होता.

तोंडाचा फाटका होता, पण कामाला पक्का. मशीन चालू झालं तरी तो लगेच उठायचा नाही. खोललेला प्रत्येक नट परत एकदा पान्यानं बघायचा आणि मगच हात पुसायचा. गुरप्पाचा नट ढिला सापडला असं अख्ख्या जिल्ह्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. ही गोष्ट लोकांना माहीत होती, कारण तो स्वतःच ती ज्याला त्याला सांगत असे.

शहात्तर साली दसरा झाला आणि लगेच मोडनिंबहून निरोप आला. धोंडीरामशेठनं तिकडं कालव्याची चारी खोदायचं काम घेतलं होतं आणि त्याच्याकडं एक छोटा लोडर होता. धरणाच्या कामावर परदेशातून आलेला, मग लिलावात निघालेला. पुढं माती उचलायचं सूप, चार ठेंगणी चाकं, आणि वळायचं झालं की पुढंमागं न होता जागच्या जागी गरकन फिरणारा. असलं मशीन भागात दुसरं नव्हतं, म्हणून ते बंद पडलं की गुरप्पाशिवाय इलाज नसायचा. सणाची पुरणपोळी अजून पोटात होती. ती तशीच घेऊन, वाटेत कंडक्टरशी एकदा वाद घालून, गुरप्पा मोडनिंबला उतरला.

लोडरपाशी नेहमीची जत्रा भरलेलीच होती. मशीनच्या पुढच्या कडीला साखळदंड होता आणि त्याच्यापुढं एक ट्रॅक्टर उभा होता. लोडरची चाकं जमिनीवर फरफटल्याच्या दोन काळ्या रेघा लांबपर्यंत गेल्या होत्या.

“ओढून चालू करायला बघितलं?” गुरप्पानं विचारलं.

“न्हाय न्हाय,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “काय न्हाय केलं.”

“मग ह्या रेघा काय वारुळातनं आल्या? अरे, ह्याची चाकं तेलाच्या दाबावर फिरत्यात. इंजिन बंद म्हणजे चाक बंद. ट्रकागत ढकलून हे चालू होत नाही, हे तुम्हाला किती डाव सांगू?”

लोडरच्या चाकाला टेकून येडू उभा होता, मशीनचा ड्रायव्हर. सांगोल्याकडचा मेंढपाळाचा पोर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, तसा आईला घेऊन मातीकामावर आला आणि घमेली वाहता वाहता हे मशीन शिकला. आता कामावरच्याच एका खोपटात मायलेकरं राहत होती. आज त्याचं तोंड पार उतरलं होतं. त्याचं कारण चिंचेखाली बसलेलं होतं. इस्त्रीची पँट, मांडीवर पिशवी. तो शेठचा मेहुणा होता आणि कुर्डुवाडीहून येडूच्या जागी ड्रायव्हर व्हायलाच आला होता.

धोंडीरामशेठनं आल्या आल्या ठणकावून सांगितलं, “मिस्त्री, चालू तर कराच, पण चूक कुणाची ते मला नीट सांगायचं. येडूची निघाली तर आजच त्याला मशीनवरनं उतरवतो. घमेलं बी मिळायचं न्हाय. खोपटं रिकामं करायचं.”

“आधी बघू तर द्या,” गुरप्पा खेकसला.

मग सुरू झालं औषधं उतरवणं. डिझेलची नळी कुणीतरी खोलून परत लावली होती, त्यातनं हवा आत शिरली होती. गुरप्पानं स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारत बसला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग कुठं निर्मळ डिझेल. हवेच्या फिल्टरच्या तोंडात एक चिंधी कोंबलेली सापडली. ती कुणाची म्हणून विचारलं, तर सगळे आभाळाकडं बघायला लागले. गुरप्पाच्या डोक्याची शीर तटतटायला लागली. हे सगळं निस्तरून त्यानं चावी फिरवली.

टक्.

एवढंच. इंजिन फिरेना, गुरगुरेना.

“बॅटरी मेली,” ट्रॅक्टरवाला म्हणाला.

“तू गप,” गुरप्पा म्हणाला.

सीटखालचा पत्रा उचलून त्यानं बॅटरी बघितली. वायरींचे दोन्ही क्लॅम्प घट्ट होते, वरून ग्रीस लावलेलं, सगळं जागच्या जागी. त्यानं पिशवीतनं दोन वायरींचा बल्ब काढला आणि क्लॅम्पला न लावता थेट बॅटरीच्या दोन खुंट्यांवर टोकं रुतवली. बल्ब लख्ख पेटला. “आता चावी फिरव,” तो येडूला म्हणाला. पुन्हा टक्. बल्ब मात्र जराही मंद झाला नाही. स्टार्टरनं बॅटरीतनं घोटभर जरी वीज ओढली असती तरी तो मिणमिणला असता. म्हणजे बॅटरी भरलेली होती, आणि वीज खुंटीवरून क्लॅम्पमध्येच उतरत नव्हती. घट्ट बसलेल्या क्लॅम्पमध्ये! गुरप्पाला आता स्वतःचाच संताप यायला लागला. पाना लावून त्यानं क्लॅम्प उपसला.

खुंटीवर पिवळाधमक थर होता. तेलात कालवलेली हळद, वर कुंकू, आणि त्यात चेंगरलेले तांदळाचे दाणे. वाळून खपली झालेली. दुसरा क्लॅम्प काढला, तर ती खुंटीही तशीच नटलेली.

गुरप्पानं नखानं ती खपली खरवडून बघितली. मग दबक्या आवाजात म्हणाला, “येड्या, हिकडं ये. हे काय हाय?”

येडूनं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “मिस्त्री, खंडेनवमीला हत्याराला इसावा द्यायचा असतुया. शेठचं पावनं सणादिवशी बी मशीन फिरवाया बघत हुतं, म्हून म्या वायरी काढून ठिवल्या. पूजा आईनं केली. म्या आपट्याची पानं आणाया गेलतो. सकाळी अंधारातच वायरी ठोकून बसवल्या, वरनं ग्रीस फासलं. आत काय हाय ते दिसलंच न्हाय वो.”

गुरप्पाला सगळं लख्ख कळलं. येडूची आई म्हाळसाबाई, तिचं माहेर शेतकऱ्याचं. बेंदराच्या सणाच्या आदल्या दिवशी तिनं जन्मभर बैलांचे खांदे हळदीतेलानं मळले होते, शिंगं माखली होती. लेकाला भाकरी देणाऱ्या ह्या जनावराचा पत्रा तिनं उचलला, आणि आत दोन शिंगं उघडी, कोरडी उभी! ती तशी ठेवायला तिचं मन कसं धजावणार? तिनं बोट भरभरून, प्रेमानं माखली. म्हातारीचा गळा दाबावा की पाया पडावं, हेच त्याला कळेना.

“काय सापडलं?” मागून शेठचा आवाज आला. चिंचेखालचा मेहुणाही पिशवी सावरत उठून आला.

गुरप्पानं हातातला फडका दोन्ही खुंट्यांवरनं गच्च फिरवला आणि मुठीत चुरगाळला. कुणी काय केलं, ते खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. जन्मभर तो ह्याच वाक्यासाठी लोकांच्या अंगावर ओरडला होता. पण चूक म्हातारीची म्हणजे येडूची, आणि येडूची म्हणजे संध्याकाळी खोपटं रिकामं. शेठ डोक्यावर उभा, मेहुणा तयार, आणि गुरप्पाला दुसरं काहीच सुचेना. सगळ्यांचा एकदम राग आला त्याला.

“क्लॅम्प ढिला होता,” तो म्हणाला. “मागच्या खेपेला मीच खोलला होता. माझ्याकडनंच राहिला.”

ट्रॅक्टरवाला कान टवकारून पुढं सरकला.

“तुमच्याकडनं?” शेठ म्हणाला. “गुरप्पा मिस्त्रीकडनं?”

“व्हय.”

मग शेठनं जे तोंड सोडलं, ते गुरप्पानं उभ्या जन्मात कुणाकडनं ऐकून घेतलं नव्हतं. दोन दिवस काम बुडालं, ट्रॅक्टर अडकला, सोलापुरात काय मिस्त्रींचा दुष्काळ पडलाय काय, पुन्हा माझ्या मशीनला हात लावायचा न्हाय. ट्रॅक्टरवाला तर मिशीत हसत होता. गुरप्पा खाली बसून पॉलिश पेपरनं खुंट्या चकचकीत घासत राहिला. क्लॅम्प आवळले. येडूच्या कानात म्हणाला, “पुढच्या सालाला आईला सांग, चाकाला लाव, सुपाला लाव, हितं न्हाय. आता फिरव.”

इंजिनानं एक हिसका दिला आणि धाडधाड सुरू झालं. काळा धूर निघाला. मेहुणा नाकाला रुमाल लावून मागं सरला, आणि थोड्या वेळानं एस्टीच्या वाटेला लागला.

गुरप्पा हत्यारं पिशवीत भरत होता, तेवढ्यात खोपटाकडनं म्हाळसाबाई आली. डोईवर पदर, हातात पाण्याचा तांब्या. तो तिनं त्याच्या पुढ्यात जरा आपटूनच ठेवला.

“मिस्त्री, एवढं तुमचं नाव, आन् वायर ढिली सोडून जाता? माझ्या लेकाचं पोट गेलं असतं की आज! म्या मनोभावं पूजा केलती म्हून निभावलं, न्हायतर काय हुतं?”

लोडरवर बसलेला येडू उतरायला लागला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं. गुरप्पानं त्याच्याकडं असं बघितलं, की तो परत सीटवर बसला आणि मान खाली घालून लिव्हर धरून राहिला.

गुरप्पाच्या जिभेवर सोलापूर, अक्कलकोट आणि इंडी, तिन्हीकडच्या शिव्या एकदम गोळा झाल्या होत्या. त्यानं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायला आणि तोंड पुसलं.

“चुकलं, आक्का,” तो म्हणाला.

“पुढच्या टायमाला ध्यान ठिवा.”

“ठेवतो.”