रसाचा भरवसा

भोरमधले आमचे हे शेजारी, निवृत्त साहेब, रोज सकाळी बीट-गाजर-आवळ्याचा रस पितात आणि त्यावर लगेच सिगारेट पेटवतात. "अँटिऑक्सिडंट! फुप्फुसाला आतून चिलखत. काय समजलात?" हा प्रश्न प्रत्येक वाक्यामागे येतो, उत्तरासाठी ते थांबत नाहीत. फळं-भाज्या चांगल्याच, पण धूर चालू ठेवून त्यांच्यावर विसंबणं म्हणजे घर पेटवून अंगणात सडा घालणं, असं मी म्हणालो. त्यांनी मला वाचन वाढवायला सांगितलं.

त्यांना दरवर्षी तांदूळ आणून देणारे पासलीचे एक शेतकरी आहेत, बिडी ओढणारे. यंदा खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी पुण्याला स्कॅन सांगितला, म्हणून ते आधी साहेबांना विचारायला आले.

"स्कॅन कशाला? रस घ्या. काय समजलात?"

घाबरलेल्या माणसाला हेच ऐकायचं होतं. मी साहेबांना तोंडावर मूर्ख म्हणालो. माझं कोणी ऐकलं नाही; शेतकरी स्कॅन न काढताच गावी परतले.

पुढच्याच महिन्यात साहेबांना साधा खोकला झाला. दुसऱ्या दिवशी ते खास गाडी करून पुण्याला गेले आणि स्कॅन काढून आले. काही निघालं नाही. "रसाचा गुण!" असं ते फाटकात उभे राहून सांगत होते, तेव्हा पासलीचे ते शेतकरी पायरीवर धापा टाकत बसले होते. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं विचारलं,

"सायेब, रसाचा एवढा गुण, तर तुमी कशाला गेलात पुण्याला?"

साहेबांनी निर्लज्जपणे रसाचा ग्लास पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "स्वारगेटची यष्टी गाठायची हाये."