वांबोरी घाटातलं शेवटचं वळण आणि निसटलेली चेन

जायचं ठरलं ते वैशालीच्या घरी, खोक्यांच्या गराड्यात. तिच्या नवऱ्याची गुवाहाटीला बदली झालेली, रविवारी दुपारी सामानाचा ट्रक येणार, आणि ही बाई भांडी गुंडाळायची सोडून मला म्हणते, "शुभा, शनिवारी नेवाशाला मामांकडे जाऊ. रविवारी येताना वांबोरी घाट."

"अगं, घर कोण आवरणार?"

"घर काय, आवरेल. घाट राहिला तर राहिलाच."

या घाटाने तिला कायम चकवलं होतं. मी आपली रडतखडत चढून जायचे, आणि माझ्यापेक्षा दणकट असलेली वैशाली कुठल्या ना कुठल्या वळणावर पाय टेकवायची. लहानपणी सुट्टी संपली की मामा तिला सायकलच्या दांडीवर बसवून नगरला आणून सोडत. घाट लागला की उतरून सायकल ढकलत. "घाटात सायकल ढकलायची असती पोरी, चालवायची नसती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा तरी पाय न टेकवता चढायचं आणि मामांना फोन करून सांगायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

आता सायकलीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या दोघींच्या सायकली डोंगरवाटेच्या, पुढे एकच चेनरिंग, म्हणजे पेडलपाशी एकच दातेरी चक्र असलेल्या. जुन्या सायकलींना पुढे दोन-तीन चक्रं असायची आणि चेन सरकवणारा एक पिंजरा. तो पिंजरा चेनला धाकातही ठेवायचा. एकाच चक्रावर तो नसतो. मग चेन टिकते ती चेनरिंगच्या एकाआड एक जाड-बारीक दातांवर आणि मागे गिअर बदलणाऱ्या डिरेलरमधल्या क्लचवर. हा क्लच चेन ताणून धरतो, खड्ड्यात उडू देत नाही. त्याला बोटाएवढी कळ असते. चाक काढताना ती बंद करायची, चाक बसवलं की चालू. वैशालीच्या चेनरिंगचे दात झिजले होते आणि नवीन रिंग नगरात मिळेना. "क्लच चालूय तोवर निभेल," असं दुकानदार म्हणाला होता, आणि खरंच निभत होतं.

शनिवारी उजाडायच्या आत नगरातली आमची सावेडी सोडली. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि लवकर निघा, दुपारी वारा अंगावर येतो. पिंपळगाव माळवीपर्यंत रस्ता बरा आहे. घाट उतरताना थंडीने बोटं वाकेनात. वांबोरीत मिसळ आणि दोन-दोन चहा झाले, दोघींचे मिळून दोनशेसुद्धा नाहीत. पुढे शिंगणापूर, सोनईकडे उसाच्या ट्रॉल्यांचं राज्य. एकामागे दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा ठणठणाट. ट्रॉली आली की मुकाट खाली उतरायचं, शहाणपणा नको. रस्त्यावर पडलेल्या पाचटावरून चाक घसरतं, तेही सांभाळा. नेवाशाला मंदिरात टेकलो. वैशाली खांबापाशी बराच वेळ डोळे मिटून बसली होती. काय मागितलं ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं.

मामांची वस्ती गावाबाहेर, कॅनॉलच्या कडेला. मामा सत्तरीचे, काटक, आणि घरात काहीही उगीच चालू राहिलेलं त्यांना खपत नाही. आम्ही जेवत असताना ते दोनदा उठून पडवीतला दिवा बंद करून आले. मामी करवादल्या, "पाहुण्यांला अंधारात जेवायला घालता का?"

"दोघी हितं बसल्यात, तिकडं दिवा कुनासाठी?"

बाजरीची भाकरी, मेथी आणि ठेचा. मी किती खाल्लं ते सांगणार नाही. वैशाली मात्र निम्मं जेवून मामांकडे बघत बसली होती.

"लई लांब हाय म्हनं ते गाव?" मामांनी विचारलं.

"विमानानं जायचं मामा, एका दिवसात पोचते."

"तुझ्यासाठी एक दिस गं. माझ्यासाठी न्हाई."

सकाळी निघताना मामांनी सायकली पडवीतून बाहेर काढून, पुसून ठेवल्या होत्या. "रातभर ती लाल लाईट लुकलुकत हुती. समदं बंद करून ठेवलं," म्हणाले. खरंच, मागचे दिवे चालूच राहिले होते. आम्ही त्यांचे आभार मानले, पाया पडलो. "वर पोचली की फोन कर," ते वैशालीला म्हणाले, "आन् ढकलावी लागली तरी लाज वाटून घ्यायची न्हाई."

सोनईच्या अलीकडे एका खड्ड्यात वैशालीची चेन पडली. दणका मोठा होता. चेन बसवली, हात पुसले, निघालो. तिथेच खाली वाकून नीट बघायला हवं होतं. पण घाटाआधी ऊन चढू नये ही घाई, दुसरं काय.

घाटात ती माझ्यापुढे होती. अशी चढताना मी तिला कधी पाहिलीच नव्हती. घाई नाही, झटापट नाही, एकसारखा श्वास. जिथे जिथे पूर्वी पाय टेकला होता ती सगळी वळणं मागे पडली. मी मागून ओरडत होते, "चल गं वैशे, चल!" शेवटचं वळण राहिलं. तिथे रस्ता खणून खडी टाकून ठेवली होती. चाक उडालं, तोल सावरायला तिने पेडल जरा मागे फिरवलं, आणि कडकन आवाज झाला. पाय मोकळे फिरले. चेन पडली होती, आणि तिचा पाय खडीत टेकला होता.

ती उतरून सायकल धरून उभी राहिली. मी मात्र त्या खडीला, ठेकेदाराला, झिजलेल्या दातांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग चेन बसवायला वाकले आणि ती कळ दिसली. बंद.

"तू चाक काढलं होतंस?"

"नाही. तू?"

दोघींनी एकदमच माझ्या सायकलीकडे बघितलं. तिचीही कळ बंद होती. माझ्या चेनरिंगचे दात नवे म्हणून मला जाणवलंच नव्हतं. वैशाली हळूच म्हणाली, "समदं बंद करून ठेवलं."

त्या कळीवर चालू-बंदची खूण असते. मामांना काहीतरी चालू राहिलेलं दिसलं होतं. भाचीचं काही फुकट जळू नये म्हणून त्यांनी ते बंद केलं होतं.

"परत खाली जाऊ," मी म्हटलं. "पुन्हा चढ. मी थांबते."

तिने घड्याळ बघितलं. ट्रक यायचा होता, आणि हीच सायकल त्यात जायची होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मामांना धीर धरवला नव्हता.

"चढले मामा," वैशाली म्हणाली. "पाय न टेकवता."

पलीकडून मामा इतक्या मोठ्याने हसले की मलाही ऐकू आलं. ते मामीला हाका मारत होते. वैशाली हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आता कुणी एका चेनरिंगची सायकल घेऊन असल्या रस्त्याला जाणार असेल तर सांगते. दात झिजले असतील तर रिंग बदलल्याशिवाय निघू नका. चेन गरजेपेक्षा लांब ठेवू नका. जमलं तर वर चेन निसटू न देणारा छोटा चेन गाइड लावा, फार महाग नसतो. आणि मुक्कामाहून निघताना ती कळ हाताने चाचपून बघा. आम्ही टायरची हवा बघितली, ब्रेक बघितले, एवढंच तेवढं राहिलं. हळहळ वाटते ती त्याचीच. मामांचा राग मात्र एक क्षणही आला नाही.

परवा वैशालीचा गुवाहाटीहून फोन आला. तिथेही डोंगर आहेत. घरामागच्या एका चढावर ती पहिल्यांदा पाय न टेकवता वर पोचली, आणि तो चढ वांबोरीपेक्षा अवघड आहे म्हणाली.

मी आनंदाने ओरडलेच. "अगं, मग मामांना सांगितलंस का?"

"त्यांना काय सांगू, शुभा? त्यांच्या लेखी मी कधीच चढलेय."