बाळंतज्वर : निरंक

आरोग्यखात्यातल्या माणसाशी लग्न झालं की दागिने मिळोत न मिळोत, किस्से मात्र भरपूर मिळतात! आमचे हे अकोल्याच्या कचेरीत कारकून. वऱ्हाडभरातल्या आजारांचे आणि मरणांचे कागद ह्यांच्या टेबलावर येतात. रविवारी साहेबांसकट कचेरीतली मंडळी आमच्या ओसरीवर चहाला जमतात. मी आत चुलीपाशी असते. बोलत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं, ऐकतही नाही.

ऐकलेलं ओतायला मला एकच जागा, मागचं दार. तिथे कौसा भाजी घेऊन येते. जुन्या शहरातल्या माळ्याची सून, माझ्याच वयाची, चौथा महिना लागलेला. तिची मोठी जाऊ गेल्या वर्षी बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी तापाने फणफणून वारली.

त्यातच नागपूरहून सर्क्युलर आलं. बाळंतज्वर, कातडी लाल होऊन सुजत जाणारं धावरं, सुजलेला घसा ही एकाच जंतूची करणी. दर महिन्याला केसेस मोजून कळवा. जिथे केस, तिथे नव्या सल्फाच्या गोळ्या. जिथे केस, तिथे चौकशीही. आमच्या साहेबांनी चौकशी तेवढी वाचली आणि पहिलाच रिपोर्ट धाडला, ‘निरंक’. म्हणजे अख्ख्या वऱ्हाडात एकही केस नाही!

मेथीची जुडी हातात तशीच धरून कौसा म्हणाली, “मंग वयनी, गोळ्या कायले येतीन?”

*

गावातल्या मरणाची नोंद पाटलाकडे. मोर्शीकडचे एक पाटील प्रत्येकापुढे एकच शब्द लिहीत, ‘ताप’. एकदा त्यांना कचेरीत बोलावलं.

“पाटील, हा माणूस साप चावून मेला म्हणता. मग ताप कसा?”

“चावल्यावर ताप आल्ता नं साहेब!”

“आणि ही? विहिरीत पडलेली?”

पाटलांनी जरा विचार केला. “काढली तवा अंग गरम व्हतं.”

बाळंतिणीही अर्थात त्याच रकान्यात जात. कौसाच्या जावेला अकोल्याच्या रजिस्टरात तोच रकाना मिळाला होता.

*

धामणगावला एकाच आळीतल्या तीन बाळंतिणी गेल्याची कुणकुण लागली. इन्स्पेक्टर चौकशीला गेला तो थेट कापसाच्या बाजारात. गाड्यांवर बसलेल्या बाप्यांना विचारलं. ते म्हणाले, “बायकाइचं आमाले काय माईत?” याने लिहून आणलं, ‘तक्रार नाही.’

साहेब खूश. “तक्रार नाही म्हणजे रोग नाही!”

तक्रार ज्यांनी करायची, त्या तिघी इन्स्पेक्टरला भेटण्याच्या स्थितीत नव्हत्या, एवढंच.

*

मग साहेबांनी दायांचा वर्ग घेतला. गळ्याला मफलर, आवाज बसलेला, दर वाक्याला खोकला. एकेकीचे हात स्वतःच्या नाकापर्यंत ओढून बघत होते. कार्बोलिक साबणाने धुतलेत की नाही!

जुन्या शहरातली सरजा दाई सगळ्यांत म्हातारी. हात मागे घेत म्हणाली, “हात तं धुतले आमी, साहेब. तुमचा घसा कोन धुईन?”

ह्यांनी रिपोर्टात लिहिलं, ‘दायांनी उत्सुकतेने प्रश्न विचारले.’

*

सतत निरंक, म्हणून नागपूरहून अभिनंदनाचं पत्र आलं! शेजारच्या विभागाने प्रामाणिकपणे केसेस मोजल्या होत्या. त्यांना ताशेरे आले आणि गोळ्या आल्या. आमच्या साहेबांनी पत्राला चौकट करून घेतली.

कौसाचे तेव्हा दिवस भरत आले होते. “वयनी,” ती म्हणाली, “कागदाची फ्रेम केली. मले काई झालं तं काय ते पत्र चाटू?”

मला हसू आलं नाही.

*

कौसाला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला. सरजा आमच्या ओसरीसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा साहेबांची बशी भरलेली होती.

“साहेब, पोटाले हात लावू देत नाई पोरगी. तेच हाय हे. गोळ्या मागवा.”

“आपल्या विभागात तो रोग नाही,” साहेब म्हणाले आणि फुर्रकन चहा ओढला. “हिवताप असेल. कचेरीतून क्विनीन घेऊन जा.”

त्या आठवड्यात ह्यांच्या बोटाला नखुरडं झालं होतं, म्हणून रिपोर्टाची पक्की प्रत लिहायचं काम माझ्याकडे होतं. एक शब्द लिहायचा होता. मी जास्त लिहिले: ‘बाळंतज्वर, एक. अकोला, जुने शहर. गोळ्या तातडीने पाठवाव्या.’

ह्यांनी कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे.

“अक्षर छान आहे,” म्हणाले, आणि सहीच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला. सोमवारी सकाळी कचेरीत साहेबांनी न वाचताच गठ्ठ्यावर सह्या केल्या. केस दिसली की तार करायची, हा नियमच होता. दुपारी तार गेली.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या गाडीतून मोठे डॉक्टर गोळ्या घेऊन उतरले आणि थेट माळ्याच्या घरी गेले. साहेब मागून धावत. मी आधीच तिथे होते, बाळ मांडीवर घेऊन. दोन दिवस कौसाने कोणाला ओळखलं नाही. गोळ्यांच्या पाचव्या दिवशी घाम फुटला, ताप उतरला, आणि तिने पेज मागितली. वर मीठ कमी आहे म्हणून सासूवर डाफरली!

निघताना डॉक्टर अंगणात थांबले. “इतके महिने निरंक, आणि ही केस मात्र अगदी वेळेत! रोग ओळखला कोणी?”

“मीच,” साहेब पुढे सरसावले. “लक्षणं ऐकताक्षणी!”

सरजाने कमरेची पुरचुंडी सोडली आणि त्यातल्या गोळ्या डॉक्टरांच्या तळहातावर ठेवल्या.

“हो जी. त्याइनंच वळखलं. हे पाहा नं, लगेच कुनाईन देल्लं व्हतं!”