वॉटर स्कूटरच्या पोटातले तेल

काकांची जुनी वॉटर स्कूटर कारध्याच्या घाटावर ट्रेलरवर उभी होती आणि चाचणी पाहणारे साहेब वाटेत होते. कापडाचा व्यापार आवरून काकांनी नदीवर पर्यटकांच्या फेऱ्या सुरू करायचे ठरवले होते. आज परवानगी मिळाली तरच हंगाम साधणार होता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नागपूरहून आले होते आणि सहज म्हणून सीट उचलून आत पाहत होते. तेलाची टाकी पाहून मी थबकले.

"काका, यात काय टाकलं?"

"ट्रॅक्टरचं तेल. गाढं हाय, इंजन थंडं राहते. अन् पेट्रोलात झाकणभर फवाऱ्याच्या पंपाचं तेल. एकोडीच्या वावरात पंपात टाकतो तसंच."

दोन्ही सवयी धानाच्या बांधावरच्या, आणि तिथे त्या बरोबरच होत्या. पण ट्रॅक्टरचे तेल इंजिनात फिरत राहते. या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. आधीच्या मालकाच्या उरलेल्या तेलात हे दाट तेल मिसळले होते आणि नळीतल्या गाळणीत फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या अडकल्या होत्या. गाळणी तुंबली की तेल थांबणार आणि इंजिन जाम होणार. झाकणभर फवाऱ्याचे तेल एवढ्या वेगाच्या इंजिनाला पुरणारे नव्हते.

या यंत्राला सुकाणू नसते. मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतानेच ते वळते. इंजिन थांबले की हँडल कितीही फिरवा, दिशा बदलत नाही. वैनगंगेला त्या दिवशी ओढ होती आणि थोड्या अंतरावर पुलाचे खांब होते.

मी किल्ली काढून मुठीत धरली.

"दे इकडं."

"टाकी रिकामी केल्याबिगर नाही."

"साहेब येऊन राहिले, अन् हे पीएचडीवाल्या बाई परीक्षा घेऊन राहिल्या!"

डबा घेऊन बसलेल्या काकू म्हणाल्या, "एक खेप तिचं ऐका ना जी. पाण्यात तुमीच जानार हाय."

काका धुसफुसत गावात गेले. तोवर मी टाकी उपसली, नळ्या पेट्रोलने धुतल्या, सोबतच्या सुट्या भागांतली नवी गाळणी बसवली. ते दोन डबे घेऊन परतले आणि एक माझ्यापुढे धरला. "बोटीचा फोटो हाय त्यावर. आता तरी झालं समाधान?"

मला त्याच डब्याची भीती वाटली. ते तेल संथ चालणाऱ्या, बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनांसाठी होते. आमचे इंजिन फार वेगाने फिरणारे, त्याच्या धुराच्या वाटेत काजळीने अडकणारी एक नाजूक झडप. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वेगळा दर्जा लिहिलेला होता. तो दर्जा दुसऱ्या डब्यावर होता, जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलावर. मी तो डबा तेलाच्या टाकीत ओतला. नळीत हवा राहून तेल इंजिनापर्यंत न पोहोचण्याची शक्यता होती, म्हणून तेच तेल पेट्रोलातही मिसळले. तेल दोन्ही वाटांनी जाणार, धूर होणार, हे मला ठाऊक होते. कोरड्या इंजिनापेक्षा धूर परवडला.

साहेब आले. काका निघाले आणि त्यांच्यामागे निळसर धुराचा लोट उठला. मी पुलाकडे नव्हे, इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष ठेवून उभी होते. मध्यधारेत आवाज एकदा दबला. काकूंनी माझे मनगट घट्ट धरले. क्षणभर स्कूटर आडवी सरकली, मग पुन्हा गुरगुरली, वळली आणि घाटाकडे आली.

"फार धूर आहे. दुरुस्त करून पुन्हा दाखवा," असे सांगून साहेब गेले.

काका स्कूटरवरून उतरले तरी माझ्याकडे पाहीनात. "तुह्या धुरानं हंगाम गेला माहा."

मी स्पार्क प्लग काढला. तो तेलाने ओला होता, म्हणजे इंजिन कोरडे पडले नव्हते. जळाल्याचा मागमूस नव्हता. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि मग पुलाच्या खांबांकडे पाहिले.

"पेट्रोलात आता नाही टाकाचं ना?" त्यांनी विचारले.

"नाही. नळीतली हवा गेली. आता फक्त तेलाच्या टाकीत."